पुन्हा कोल्हापूर, या वेळी किरणोत्सवासाठी

या खेपेस कोल्हापूरचा मुक्काम मुद्दाम 9 ते 11 नोव्हेंबर असा ठरवला आहे, कारण या दिवसांत अंबाबाईच्या देवळात मावळतीची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यात येतात आणि आकाश निरभ्र असेल तर पहिल्या दिवशी मूर्तीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचतात. जुन्या स्थपतींनी साधलेला हा योग डोळ्यांनी पाहण्याची ओढ मला फार दिवसांपासून आहे. रंकाळा आणि पन्हाळा होईलच. पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावताच आधी नारळाच्या दुधाचा गोडवा आणि मागून मिऱ्याचा तिखटपणा येतो. ती चव मला दुसरीकडे कुठेच मिळालेली नाही. मुलांना शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदानही दाखवायचे आहे, जिथे उतरत्या बैठकीमुळे मागच्या प्रेक्षकालाही कुस्ती नीट दिसते.