रस फुटला

श्रावणातला सोमवार, त्यात बायकोला सर्दी. म्हणजे घरात शिवराक, बिनमासळीचं जेवण, आणि तेही बेचव. सकाळी केलेलं मुगाचं कढण तिने नाक बंद असूनही वासावरूनच परत पाठवलं. दुपारी तीनच्या सुमाराला पलंगावरून हुकूम आला, "त्या दिवशी हॉटेलात घेतलं होतं ना, नारळाचं थाई सूप? तसलं काहीतरी कर."

त्या सूपाचं नाव टॉम खा. मेनूकार्डावर पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, टॉम नावाच्या कुणा हट्टी पोराला त्याची आई जेवायला बसवतेय. 'टॉम' म्हणजे उकळणं आणि 'खा' म्हणजे आल्याच्या जातीचा एक कंद, हे मागाहून कळलं. आपलं कोष्टकोळिंजन त्याच घराण्यातलं. घसा बसला की भजनाला बसणारे बुवा गालात धरतात, तेच. पण ते मिळतं सुकं, लाकडाच्या ढलपीसारखं. ओला कंद म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मला तरी कधी दिसला नाही. तेव्हा खा-विना टॉम. आलं घातलं आणि पुढे सरकलो.

बाकीची मंडळी घरचीच निघाली. गवती चहा परसात पागोळ्यांखाली नुसता माजलाय. आपण त्याची पात घेतो आणि बुडखा टाकतो. थाई लोक बरोबर उलटं करतात. बुडखा उपटून, धुऊन वरवंट्याने ठेचला. पहिल्या दोन ठोक्यांना काही होत नाही. तिसऱ्याला तो चिरफळतो, आतलं फिकट जांभळं कडं दिसतं आणि लिंबासारखा, पण लिंबाचा नव्हे असा वास हाताला चिकटतो तो रात्रीपर्यंत. लिंबाची चार पानं तोडली. त्यांच्याकडचं लिंबू वेगळं, पान म्हणजे एकापुढे एक जोडलेली दोन पानं वाटावीत असं. आमचं साधं. चालतंय.

मिरची लवंगी. त्यांच्याकडच्या असल्याच बारीक मिरचीला 'प्रिक खी नू' म्हणतात, म्हणजे सरळ उंदराच्या लेंडीची मिरची. आमच्या आजीला हे नाव फार आवडलं असतं. पण मिरची ना त्यांची ना आमची. पोर्तुगिजांनी 1510 मध्ये गोवा घेतला, 1511 मध्ये मलाक्का, आणि त्याच वर्षी त्यांचा दूत सयामच्या राजाकडे अयुथ्थयेला पोचलासुद्धा. अमेरिकेतली मिरची पूर्वेकडे आली ती ह्यांच्याच गलबतांच्या वाटेने. तिखटापुरते आम्ही आणि थाई एकाच भाटकाराचे मुंडकार, एकाच जमीनदाराची कुळं म्हणायची. गोडाचंही तसंच. माडाचा गूळ तेही घालतात, फक्त आमच्यासारखा काळाकुट्ट नसतो.

अळंबी मात्र दुकानातली, डबीतली, पांढरीफेक. पावसात रस्त्याच्या कडेला पानात बांधून विकायला बसतात ती रोयणीवरची, वारुळावर उगवणारी अळमी घालूया का, असा विचार क्षणभर आला आणि माझीच मला लाज वाटली. अळमी परक्या सूपात घालणाऱ्याला नरकातही सुकं खोबरं मिळेल.

मग नारळ. डब्यातला रस मी घरात आणू देत नाही. आदोळीवर बसून खवणं गुडघ्यांना जड जातं आता, पण बसतो. मिक्सरमधून काढलेलं खोबरं पंचात घालून पिळलं, जाड रस बाजूला, मग कोमट पाणी घालून पातळ रस. पातळ रसात आलं, गवती चहा, पानं, गाजर, फ्लॉवर, अळंबी. शिजल्यावर आच बारीक करून जाड रस. आणि एकदा तो पडला की मी चुलीपासून हलत नाही. फोन वाजो, बेल वाजो, पावसात कपडे भिजोत. बायको ह्याला माझं खूळ म्हणते.

मी नऊ वर्षांचा असेन. फोंड्याकडचं घर, चवथ, स्वयंपाकघरात धूर आणि बायका. मणगणं, म्हणजे आमची नारळाच्या रसातली खीर, चुलीवर होतं. चण्याची डाळ शिजून गूळ पडला होता, आता शेवटचा रस. काकीचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. केळीची पानं आणायला जायचं म्हणून तिने डवली माझ्या हातात दिली. म्हणाली, "नुसतं ढवळत राहा हां. कढ येऊ देऊ नको." मी ढवळलं. बराच वेळ ढवळलं, निदान मला तसं वाटलं. मग बाहेरून कुणीतरी ओरडलं, विहिरीत कासव वर आलंय.

कासव ताटाएवढं होतं. परत आलो तेव्हा मणगण्यावर तेलाचे डोळे तरंगत होते आणि खाली नासलेल्या दुधासारखी कणी. आजी दारातच थबकली. "रोस फुटलो!" तिचा तो आवाज मी पुढे फक्त एकदा ऐकला, आजोबा गेले तेव्हा. काकी पानं घेऊन आली. कुठे होतीस म्हणून आजीने विचारलं, "खंय आशिल्ली?" काकीने एकदा माझ्याकडे बघितलं. मी चुलीकडे बघत होतो. "लक्ष नव्हतं माझं," ती म्हणाली. पुढे कितीतरी चवथी आजी रस घालायच्या वेळेला न चुकता म्हणायची, "सांभाळ गो, त्या वर्षासारखं नको."

आता गंमत बघा. थायलंडात आमटीसारखं कालवण करताना जाड रस आधी कढईत घालून मुद्दाम आटवतात. फुटून तेल सुटेपर्यंत. त्या तेलात वाटण परततात. डब्यातला रस नीट फुटत नाही म्हणून तिथले लोक चरफडतात, वरून तेल घालतात. रस फुटला नाही तर स्वयंपाक बिघडला! हे वाचलं तेव्हा मी चष्मा काढून पुसला होता.

पण सूपात फुटू द्यायचा नसतो, तिथेही. खाली उतरवून मग लिंबू पिळलं. मासळीचं पाणी घालतात त्याऐवजी मीठ. आणि एवढं झाल्यावर हात आपोआप तिरफळाच्या डब्याकडे गेला. दोनच घातली, ठेचून. लिंबाच्याच कुळातलं झाड ते, परकं कुठे आहे.

बायकोने दोन चमचे घेतले, थांबली. "हे खतखत्यासारखं का लागतंय?"

खतखतं म्हणजे आमची तिरफळ घातलेली मिसळीची भाजी. म्हणजे नाक उघडलं. मी जिंकलो असं समजून काकीला फोन लावला. ती सत्तरी ओलांडून गेलीय, ऐकू कमी येतं, त्यामुळे थायलंड हा शब्द तीनदा ओरडावा लागला. मुद्दाम रस फोडतात हे ऐकून ती खूप हसली.

"मुद्दाम? वेडे की काय! माझा एकदा फुटला होता रे, चवथीला. अजून आठवतं. मणगणं चुलीवर ठेवून पानं आणायला गेले आणि तिकडेच बोलत उभी राहिले. सगळं नासवलं मी. तू लहान होतास, तुला कुठलं आठवायला."

"नाही आठवत," मी म्हटलं.