शेरा : लग्न

मोठ्या बाबूंनी टी.सी.ची तीन पुस्तकं माझ्या टेबलावर आदळली. धुळीनं आम्ही दोघंही शिंकलो.

"घ्या मॅडम. कोण कुठं गेलं ते सगळं यात आहे."

मी स्थळप्रती उलटायला लागले. महाविद्यालय सोडण्याचे कारण : पुढील शिक्षणाकरिता. पुढचं पान, पुढील शिक्षणाकरिता. त्याच्या पुढचं, तेच. कॉलेजच्या गेटसमोर ज्याचा पानठेला आहे, रोज सकाळी जो मला "नमस्कार मॅडम" म्हणतो, तोही पुढील शिक्षणाकरिता गेलेला. मी बाबूंकडे पाहिलं.

"असंच लिहायचं असते मॅडम," ते म्हणाले. "दुसरं काही लिहिलं तर पोरगं परत येते, साहेब कारण बदलून द्या म्हणून."

नोव्हेंबर २०२४ ची गोष्ट. आमचं कॉलेज तालुक्याच्या गावचं, साठ वर्षांच्या घरातलं. ते सुरू झालं तेव्हा विद्यापीठ नागपूरचं होतं, १९८३ साली अमरावतीचं झालं. पहिल्या बॅचची मुलं शकुंतलेनं यायची. यवतमाळ-मूर्तिजापूरची ती नॅरोगेज गाडी आता बंद आहे, रुळांत तरोटा उगवतो, पण निवृत्त झालेले सर अजूनही "गाडीची पोरं" आणि "गावातली पोरं" असाच भेद करतात. त्या काळी कॉलेजची वर्षभराची प्रगती स्नेहसंमेलनात प्राचार्य वाचून दाखवायचे. निकाल किती टक्के, मेरिटमध्ये कोण आलं, कबड्डीत कोणाला कलर कोट मिळाला. दहा मिनिटांचं अहवालवाचन, मागे पोरांच्या शिट्ट्या, मग नाटक.

आता त्याच्या जागी एक्यूएआर आहे. नॅकला, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला, दरवर्षी पाठवायचा वार्षिक गुणवत्ता अहवाल. सात निकष, त्यांच्याखाली उपनिकष, प्रत्येकाला पुरावा. झाड लावलं तर अक्षांश-रेखांश छापलेला फोटो. (झाड वाळलं तर त्याचा फोटो अजून कोणी मागितलेला नाही.) आयक्यूएसीची, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाची, समन्वयक म्हणून हे सगळं गोळा करणं माझ्याकडे. तेही अशा कॉलेजात, जिथं निम्मे तास तासिका तत्त्वावरचे सर घेतात आणि उरलेले आम्ही त्या महिन्यात एकीकडे निवडणुकीचं प्रशिक्षण आणि दुसरीकडे नव्या शैक्षणिक धोरणातल्या मेजर-मायनर विषयांचं वेळापत्रक यांत अडकलो होतो.

यात आमचं नेहमीचं दुखणं पाचवा निकष. बाहेर पडलेल्या मुलांपैकी पुढं शिकायला किती गेली? मागच्या नॅकच्या वेळी आम्ही आकडा टाकला आणि पडताळणीत पत्र आलं, की या विद्यार्थ्यांची प्रवेशाची कागदपत्रं किंवा ओळखपत्रं द्या. आमच्याकडे होतं काय, तर "सर, तो पुण्याला आहे म्हणे". निम्मी मुलं पुराव्याअभावी गळाली. म्हणून प्राचार्यांनी या खेपेला सांगितलं, एक्यूएआरमध्येच पुराव्यासकट भरा, मागाहून धावपळ नको.

शिक्षकांत यादी वाटली. प्रत्येकानं आपापल्या वाट्याची मुलं फोनवर गाठायची आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं. आठ दिवसांनी याद्या परत आल्या. मुलांचे शेरे बरे होते : पोलीस भरती, पुण्यात क्लास, बुटीबोरीला कंपनीत, घरची शेती, बी.एड., एम.ए. अमरावती. मुलींच्या यादीत मात्र चौदा जणींपुढं एकच शब्द. लग्न.

अक्षरं वेगवेगळ्या शिक्षकांची. फोन कसे झाले असतील ते मला न ऐकताच कळलं. मुलीचा म्हणून दिलेला नंबर तिच्या बापाचा किंवा भावाचा. "तिचं लग्न झालं सर." "हो का, छान, छान." फोन बंद. मुलाबद्दल कोणी "त्याचं लग्न झालं" म्हणालं असतं, तर सरांनी पुढं विचारलं असतं, बरं, पण करतो काय? खोटं कशाला बोलू, माझ्या वाट्याच्या यादीतही तीन "लग्न" होते आणि ते माझ्याच अक्षरात होते.

मी चौदा घरी पुन्हा फोन लावले. एकच वाढीव प्रश्न : शिकते का ती आता? दोन आयांना हा प्रश्नच विचित्र वाटला. एका भावानं चिडून विचारलं, "काहून, काही झालं का?" पण चौदापैकी पाच जणी शिकत होत्या. दोघी बी.एड.ला, एक नर्सिंगला, दोघी मुक्त विद्यापीठातून एम.ए. करत होत्या. चौघींची ओळखपत्रं व्हॉट्सअॅपवर आली. पाचवीच्या आईनं सासरचं गाव सांगितलं आणि म्हणाली, "फोन तिच्या नवऱ्यापाशी असते मॅडम, आन तो असते पुण्याले."

रविवारी, २४ तारखेला, मी स्कूटी काढली. आमच्या ग्रंथालयाचा परिचर त्याच भागातला, तो पुढं त्याच्या मोटारसायकलवर. आदल्या दिवशी विधानसभेचा निकाल लागलेला, रस्त्यावर ठिकठिकाणी गुलाल आणि फटाक्यांचा कचरा. दोन्हीकडं कापूस फुटलेला, मधल्या ओळींत तूर फुलावर. डांबरी संपल्यावर शेवटचे चार किलोमीटर गिट्टी. एका ठिकाणी स्कूटी घसरली, मी नाही.

गावात शिरल्यावर परिचरानं एका घरी नाव विचारलं. माझ्या हातात फाईल. दारातल्या बाईनं फाईलकडं पाहिलं आणि एका दमात म्हणाली, "चारचाकी नाई जी आमच्याकडं. टॅक्टर हाय, थो बी भावकीतला."

मला काही समजेना. परिचर हसायला लागला. लाडकी बहीणची तपासणी आली, असं गल्लीभर झालं होतं. घरात चारचाकी असली तर नाव कटतं हे सगळ्यांना पाठ, आणि ट्रॅक्टर त्यातून वगळलाय हेही पाठ. मी सांगितलं, मी कॉलेजची, तुमच्या सुनेची बाई. त्यानं भीती आणखी वाढली. कॉलेजची बाई लग्नानंतर कशाला येईल? काही फी राहिली का?

"फी नाही. तुमची सून पुढं शिकते म्हणे, त्याचा कागद पाहिजे."

"हाव, शिकते नं," सासूबाई जरा सैल झाल्या. "रातच्यान वाचत बसते. लाईट जाईलोक." मग नातवाला हाक मारून शेतात पिटाळलं.

चहा होईस्तोवर सासऱ्यांनी कापसाचं गाऱ्हाणं मांडलं. लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ रुपये आणि दारात येणारा व्यापारी सात हजारही म्हणत नाही, ओलावा दाखवतो. ऐकता ऐकता माझा डोळा भिंतीवर. लग्नाचा फोटो, फोटोतली माझी विद्यार्थिनी, खाली सोनेरी अक्षरांत भलतंच नाव. मला वाटलं घर चुकलं.

ती आली ती कमरेची कापसाची ओटी न सोडताच. मला पाहून दारात थबकली, मग वाकून पाया पडायला लागली तर ओटीतला कापूस माझ्या पायांवर सांडला. आम्ही दोघींनी बसून तो वेचला. बोटं चिरलेली होती तिची, बोंडाच्या टोकांनी. वर्गात ही मुलगी दुसऱ्या बाकावर बसायची आणि काही विचारलं की आधी खाली पाहायची.

"आज संपर्कसत्र होतं मॅडम, तालुक्याले. पण वेचणी आली."

"एरवी जातेस?"

"जातो नं. अर्धं तिकीट लागते आता." एस.टी.नं मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट केलं, ते हिच्या एम.ए.च्या हिशेबात असं बसलेलं.

लोखंडी पेटीतून तिनं मुक्त विद्यापीठाचा पुस्तकांचा संच काढला. जुन्या ओढणीत बांधलेला. त्यात प्रवेशाची पावती आणि ओळखपत्र. फोटो तिचा. नाव : पहिलं वेगळं, मधलं वेगळं, आडनाव वेगळं. तिन्हीच्या तिन्ही.

आपल्याकडं बाईच्या नावात मधे बाप असतो किंवा नवरा असतो, त्यामुळं लग्नात दोन भाग तर बदलतातच. हिच्या सासरी ताटात तांदूळ पसरून त्यावर नवऱ्यानं नवं नाव लिहायची रीत अजून आहे, म्हणून पहिलंही गेलं. आधार नव्या नावानं झालं, बँकेचं खातं नव्या नावानं, आणि त्यावरून पुढचं सगळं. आमच्या यादीतली मुलगी आणि ओळखपत्रावरची बाई या कागदोपत्री दोन व्यक्ती होत्या. पडताळणी करणाऱ्यानं हा पुरावा ठेवला नसता, आणि त्याचं चूक म्हणता आलं नसतं.

"जुनं नाव आणि नवं नाव एकत्र आहे असा काही कागद? ग्रामसेवकाकडं लग्नाची नोंद?"

"नोंद नाई केली. पण थे गॅजेट हाय."

पेटीच्या तळातून लॅमिनेशन केलेला कागद निघाला. महाराष्ट्र शासन राजपत्र, भाग दोन. मी तो दाराशी उजेडात नेला. बारीक टाईप, जुनं नाव, नवं नाव, पत्ता. तिची नोंद बोटभर जागेची. वरखाली दुसऱ्या कुठल्या कुठल्या गावच्या बाया, त्याच आठवड्यात नाव बदललेल्या. मी मोबाईलवर फोटो घेतला. लॅमिनेशनवर उजेड चमकायचा, चारदा घ्यावा लागला.

"किती खर्च आला गॅझेटला?"

"सेतूवाल्यानं घेतले मॅडम. किती घेतले थे याईलेच माहीत." याई म्हणजे नवरा.

मग तिनं विचारलं, "मॅडम, माझं नाव लागलं तर कॉलेजले काय भेटते?"

मी टक्केवारी सांगितली. सरासरीत एका मुलीनं किती फरक पडतो तेही सांगितलं, म्हणजे जवळपास नाहीच. ती हसली. "एवढ्यासाठी आल्या तुमी गिट्टीच्या रस्त्यानं?" सासूबाई मात्र गंभीर होत्या. त्यांना सरकारी कागदात सुनेचं नाव जाणार एवढं कळलं होतं आणि त्यांना एकच जाणून घ्यायचं होतं, "कोनतं नाव टाकसान?"

त्याचं उत्तर मला सोमवारी संगणकापुढं बसल्यावरही चटकन सुचलं नाही. नमुन्यात विद्यार्थ्याच्या नावाचा रकाना एकच. मग पदवी कशात, प्रवेश कोणत्या संस्थेत, कोणत्या अभ्यासक्रमाला. मी आमच्या निकालातलं जुनं नाव टाकलं, आणि ओळखपत्र व राजपत्राचं पान एका पीडीएफमध्ये जोडून लिंक दिली. बाकी चौघींची कागदं पाहिली, तर बी.एड.वाल्या दोघींचा प्रवेश मार्कशीटवरच्या नावानं झालेला, त्यांची अडचण नव्हती. नर्सिंगवालीचं आडनाव बदललेलं. तिलाही गॅझेट मागितलं, संध्याकाळी आलं. दुसरी एम.ए.वाली गॅझेटबद्दल अजून "याईले विचारून पाठवतो" म्हणते आहे.

एक गोष्ट मला त्या रात्रीच लक्षात आली होती. या पाचजणींपैकी मुक्त विद्यापीठातल्या दोघींनी आमच्याकडून टी.सी. नेलीच नव्हती, तिथं कोणी मागितली नाही. म्हणजे त्या जाड पुस्तकांत पानठेलेवाला पुढील शिक्षणाकरिता गेलेला, आणि खरोखर शिकणाऱ्या या दोघी कुठंच नाहीत. हे मी मोठ्या बाबूंना सांगितलं. त्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. तीस वर्षांत त्यांनी किती समन्वयक पाहिले असतील.

"मॅडम, तुमीबी इथलेच नं?" त्यांनी विचारलं. "त्र्याण्णवची बॅच?"

मी इथलीच. बी.ए.चा निकाल जूनमध्ये लागला तेव्हा माझं लग्न होऊन महिना झाला होता. अमरावतीला विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश घ्यायचा म्हणून मी टी.सी. काढायला आले होते, हिरवा चुडा भरलेली. तेव्हाचे बाबू वेगळे, ते आता हयात नाहीत. बाबूंनी खालच्या कपाटातून १९९३ चं पुस्तक शोधून काढलं. कडा वाळवीनं खाल्लेल्या, आतलं अक्षर शाबूत. माझं माहेरचं नाव, जन्मतारीख, वर्तणूक चांगली. त्याखाली महाविद्यालय सोडण्याचं कारण.

विवाह झाल्याने.

मी त्या दिवशी काय बोलले होते ते मला स्वच्छ आठवतं. "काका, एम.ए.ला जाते आहे, लवकर द्या, प्रवेशाची मुदत संपते." टी.सी. हातात पडल्यावर मी नाव आणि तारीख तपासली, कारण वाचलंच नाही. अमरावतीच्या बाबूनंही वाचलं नसावं.

मोठे बाबू चष्मा वर करून ते पान बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "दुरुस्ती होऊन जाईल मॅडम. साधा अर्ज द्या. आन नाव बदललं नं तुमचं, तर गॅझेटची झेरॉक्स जोडजा."