उजव्या क्लिकवाचून

परवा दुपारी टचपॅडची उजवी बाजू गेली. टक् आवाज येतो, मेनू मात्र येत नाही. म्हटलं जाऊ दे, डावं तर चालतंय. पण कॉपी, पेस्ट, रिनेम, प्रॉपर्टीज, सगळ्याला हात आपोआप उजवीकडेच जातो, आणि सगळ्यात जास्त अडलं कशावाचून तर रिफ्रेशवाचून! डेस्कटॉपवर राईट क्लिक रिफ्रेश, राईट क्लिक रिफ्रेश. त्याने फक्त आयकॉन नव्याने दिसतात, मशीन काडीचं फास्ट होत नाही हे माहितीये सगळ्यांना, तरी करतोच की नाही? एफ-५ ने तेच होतं, पण त्यात समाधान नाही.

आमच्या गावातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये चपला बाहेर काढून आत जायचं, एका मशीनवर दोघी, आणि माऊस सरांच्या टेबलावर, कारण पोरं त्यातला बॉल काढून न्यायची. आम्ही नॉर्टन कमांडरवर शिकलो, म्हणजे फायली सांभाळायचा जुना प्रोग्राम, सगळा कीबोर्डवर चालणारा. निळ्या स्क्रीनवर दोन पॅनल, आणि तळाशी एका ओळीत एफ-बटणांचं सगळं लिहिलेलं, ५ कॉपी, ६ रेनमूव्ह, ७ एमकेडीर, ८ डिलीट. एमकेडीर म्हणजे काय ते कुणी सांगितलं नाही, ७ दाबलं की फोल्डर होतो एवढं पुरे होतं. शेजारची मुलगी ८ वर बोट ठेवून मला घाबरवायची.

अ‍ॅपलचा मॅकिंटॉश १९८४ ला आला तोच मुळी एक बटणवाला माऊस घेऊन. कंट्रोल दाबून क्लिक केलं की मेनू, ही सोय मॅकवर १९९७ ला आली, तोवर लोक वरच्या मेनूवर फायली सांभाळतच होते. फाइंडरमध्ये, म्हणजे मॅकवर फायली दिसतात त्या खिडकीत, अजूनही फाइल निवडून रिटर्न मारलं की नाव बदलता येतं. (विंडोजची सवय असलेला माणूस तिथे फाइल उघडायला रिटर्न मारतो आणि वैतागतो, ते वेगळं.)

माझं म्हणणं एवढंच की राईट क्लिकमध्ये जे आहे ते आणखी कुठेतरी दिसलं पाहिजे, वर मेनूत म्हणा, बटणावर म्हणा. पण नाही, जो येतो तो आपलं एकेक त्यातच कोंबतो, झिपवाला, अँटीव्हायरसवाला, सगळे. विंडोज ११ ने तो मेनू आवरला म्हणे, म्हणजे जुना मेनू 'शो मोअर ऑप्शन्स'च्या आड ढकलला. कीबोर्डवर उजव्या कंट्रोलशेजारी एक मेनूचं बटण असायचं, कुणी कधी दाबलेलं मी पाहिलं नाही, तर नव्या लॅपटॉपांवर आता तिथे एआयचं बटण. शिफ्ट-एफ-१० ने तोच मेनू उघडतो हे मला या दुपारी शोधावं लागलं.

मग आमचे काका आठवले. त्यांचा हात कापतो. माऊस धरला की बाण थरथरतो, क्लिक करायला जातात आणि फाइल ओढली जाऊन भलत्याच फोल्डरात पडते. शिफ्ट-एफ-१० सांगितलं तर म्हणाले, "अगं, दोन बटणं एकदम दाबता आली असती तर माऊसनेच नसतं का केलं?" पाच वेळा शिफ्ट दाबलं की ती स्टिकी कीजची चौकट येते ना, गेम खेळताना आपण शिव्या घालून बंद करतो ती, ती काकांसारख्यांसाठी असते. चालू केली. आता शिफ्ट दाबून सोडायचं, मग सावकाश एफ-१०. नवा फोल्डर कंट्रोल, शिफ्ट, एन, पेटीच्या पट्ट्या दाबाव्यात तसं एकेक करून.

पहिला फोल्डर त्यांनी स्वतः केला, नाव दिलं 'लाईट बिल'. अजून रिकामाच आहे, बिल मोबाईलवर येतं.