सदर इसम येथे राहत नाही

घर बदललं की माणूस, कपाटं, तुळशीची कुंडी, सगळं एका टेम्पोत बसून एका सकाळीत नव्या जागी पोचतं. पत्ता तेवढा मागे राहतो. तो एका ठिकाणी असता तर उचलून आणता आला असता. पण त्याची एक प्रत बँकेकडे, एक विम्यावाल्यांकडे, एक शेअरच्या डीमॅट खात्याकडे, एक आरटीओत आणि एक आतेबहिणीच्या राखीच्या यादीत असते. या प्रतींचं आपसांत काही बोलणं नसतं. म्हणून पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत जिन्याखालच्या टपालपेट्या उघडून बघा, तिथे कुणाच्याच ओळखीच्या नसलेल्या माणसांच्या नावाची दोन-चार पाकिटं हमखास निघतात.

या पाकिटांचं काय करायचं, यावरून दोन पंथ आहेत. पहिला पाटी लावतो: 'पूर्वीच्या भाडेकरूंची पत्रे येथे स्वीकारली जात नाहीत. ठेवूनही घेतली जात नाहीत.' दुसरा भिडस्तांचा. 'असू दे, कधीतरी येतील न्यायला,' म्हणून ते पाकीट शू-रॅकवर ठेवतात, मग फ्रिजवर, मग दिवाळीच्या सफाईत ड्रॉवरमध्ये. माणुसकी म्हणून ठीक आहे, पण नुकसान दुसरा पंथ जास्त करतो. पाठवणाऱ्याला तो माणूस घर सोडून गेल्याचं कळायचा हमखास मार्ग एकच: पाकीट परत येणं. ते परत आलं नाही की तिकडे पत्ता बरोबर असल्याची नोंद पक्की होते आणि पुढच्या वर्षीचं पाकीट त्याच इमानदारीने त्याच जिन्याखाली येतं. पाच वर्षं मनोभावे पाकिटं जपणारा शेजारी खरं तर पाच वर्षं खोटी पोच देत असतो.

तेव्हा परत पाठवावं, आणि नीट पाठवावं. पाकीट उघडायचं नाही. पत्त्यावर एकच आडवी रेघ मारायची. नाव आणि बारकोड वाचता आले पाहिजेत. शेजारी 'सदर व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही' एवढं लिहून तारीख टाकायची आणि लाल पेटीत सोडायचं. पाकीट उलटून पाहिलं तर चिकटवलेल्या कडेपाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'न पोचल्यास परत पाठवा' आणि कुठल्यातरी औद्योगिक वसाहतीतला पत्ता छापलेला असतो. ती ओळ खोडली किंवा तिच्यावर टेप चिकटवली की ते पाकीट निराधार होतं आणि टपाल खात्याच्या आरएलओत, म्हणजे पूर्वीच्या डेड लेटर ऑफिसात जातं. पत्ता शोधण्यासाठी दुसऱ्याचं पत्र उघडायचा अधिकार तिथल्या नेमलेल्या कर्मचाऱ्यांना असतो. स्पीड पोस्ट असेल तर काम आणखी सोपं: सही करायची नाही. पोस्टमन तिथल्या तिथे 'लेफ्ट' असा शेरा मारून परत नेतो. वॉचमनला मात्र हे सांगून ठेवावं लागतं, कारण तो बिचारा दिसेल त्यावर सही करतो.

ज्याने घर सोडलं त्याचं काम याच्या आधी सुरू व्हायला हवं. पोस्टात पत्रं नव्या पत्त्यावर वळवण्याचा अर्ज देता येतो आणि तो द्यायचा जुन्या घराच्या पोस्टात. हे सांगावं लागतं, कारण लोक सदाशिव पेठेतून बाणेरला जातात आणि अर्ज घेऊन बाणेरच्या पोस्टात उभे राहतात. बाणेरचा पोस्टमन काय करणार? पत्र अडवायचंय ४११०३० मध्ये. अर्जात जुना पत्ता, नवा पत्ता, दोन्हीकडचे पिनकोड, कधीपासून ती तारीख आणि घरातल्या प्रत्येकाचं नाव हवं, तेही पाकिटांवर जसं येतं तसं: पूर्ण नाव, आद्याक्षरांचं नाव, सुनेचं माहेरचं आडनाव. पोस्टमन पत्र वाटतो ते नावावरून, आणि एका इमारतीत तीन कुलकर्णी असणं ही आपल्याकडे काही बातमी नाही. सगळ्यांच्या सह्या, ओळखपत्राची झेरॉक्स, आणि आपल्याकडच्या प्रतीवर पोस्टाचा शिक्का. हा अर्ज जन्मभर चालत नाही, मुदत संपली की पुन्हा द्यावा लागतो. खाजगी कुरिअरला त्याचा पत्ताच नसतो, आणि बँकेची कार्डं, पासपोर्ट वगैरे पाकिटं वळवली जात नाहीत. ती आली तशी परत जातात.

पुण्याचे पत्तेही या गोंधळाला हातभार लावतात. पेठांतले घरनंबर ओळीने येतील अशी अपेक्षा बाहेरगावचा माणूसच करतो. उपनगरांत सर्व्हे नंबर, प्लॉट नंबर आणि 'अमक्या मंगल कार्यालयाच्या मागे'. आनंदनगर पौड रोडलाही आहे आणि सिंहगड रोडलाही. असल्या सारख्या नावांवर आणि वाईट अक्षरांवर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, कोकणातले, आणि संस्कृतात कविता करणारे. पहिल्या तीन आकड्यांवर पत्र सॉर्टिंग जिल्ह्यापर्यंत येतं, पुढचे तीन ते नेमक्या पोस्टात नेतात. पण हे शेवटचे तीनच लोक जुने ठेवतात. कोथरूडहून कर्वेनगरला गेलेला माणूस रस्ता बदलतो, सोसायटी बदलतो आणि ४११०३८ चं ४११०५२ करायचं विसरतो. मग पत्र कोथरूडला जातं, तिथे ती सोसायटी सापडत नाही आणि 'अपुरा पत्ता' म्हणून परत फिरतं.

आणखी एक घोळ ऑनलाइन फॉर्मचा. पत्त्याच्या एकेका रकान्यात ठरावीकच अक्षरं मावतात, जास्तीची छपाईत गळतात. आपण सवयीने आधी 'गणपती मंदिराजवळ' लिहितो आणि फ्लॅट नंबर शेवटी. मंदिर छापलं जातं, फ्लॅट जातो. फ्लॅट, विंग, सोसायटी, रस्ता आणि जागा उरली तर देऊळ, असाच क्रम ठेवावा. गणपती रागावणार नाही.

सध्या सगळ्यात मोठा गुंता रिडेव्हलपमेंटचा. वीस बिऱ्हाडं एका महिन्यात उठतात, इमारतीभोवती पत्रे लागतात आणि आतली पत्रं बाहेर उभी राहतात. भाडेकरार अकरा महिन्यांचा, म्हणून 'परत तर इथेच यायचंय' असं म्हणत कुणी काही बदलत नाही. मग परत येतात तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचा ७ नंबर सातव्या मजल्यावरचा ७०२ झालेला असतो. सोसायटीचं नाव तेच, रस्ता तोच, फ्लॅट तेवढा दुसऱ्याचा. असा अर्धा खरा पत्ता साफ चुकीच्या पत्त्यापेक्षा वाईट, कारण त्यावरचं पत्र परत जात नाही, भलत्याच पेटीत पडतं. मधल्या काळापुरता फक्त 'पत्रव्यवहाराचा पत्ता' बदलावा, 'कायमचा' राहू द्यावा. सेक्रेटरींनी घरटी सही केलेले अर्ज गोळा करून एकदम पोस्टात दिले तर वीस जणांचे हेलपाटे वाचतात. आणि नवीन नंबर मिळाल्याच्या आठवड्यात सगळीकडे कळवावा. यातला शेवटचा भाग कुणीही करत नाही, कारण तेव्हा फर्निचर चालू असतं.

२०२५ साली टपाल खात्याने डिजिपिन आणला, दहा अक्षरी, साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाचा. नकाशावर जागा अचूक सापडते, पण त्याला मजले कळत नाहीत. बाणेरच्या टॉवरमध्ये एकावर एक असलेल्या सगळ्या फ्लॅटना तोच. शिवाय तो जागेचा आहे, माणूस निघून गेला तरी मागेच राहणार.

पत्ता न बदलल्याने कुठे दुखतं? डॉमिनोजच्या पत्रकाने नाही. वडिलांच्या नावावरच्या जुन्या शेअरचा डिव्हिडंड सलग ७ वर्षं कुणी घेतला नाही, तर पैसे आणि पाठोपाठ शेअरसुद्धा सरकारच्या आयईपीएफ या निधीत जातात. सोडवून आणता येतात, पण कागद गोळा करता करता नवा जिना तोंडपाठ होतो. गाडीच्या आरसीवरचा पत्ता ३० दिवसांत कळवायचा असतो. आणि नोटीस. २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, तरी 'रजिस्टर आलंय'चा धाक अजून आहे आणि तो योग्यच आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम २७ नुसार नीट पत्ता घालून, टपालखर्च भरून रजिस्टरने पाठवलेलं पत्र, उलट सिद्ध होईपर्यंत, पोचलं असंच धरतात. जुना पत्ता आपणच दिलेला असेल, तर 'मला मिळालंच नाही' हे पटवताना घाम फुटतो.

बदल आधारपासून सुरू करावा, कारण पुढे बऱ्याच ठिकाणी तोच पुरावा मागतात. नोंदवलेला भाडेकरार चालतो. तो आपल्या नावावर नसेल तर कुटुंबप्रमुखाच्या संमतीनेही पत्ता बदलता येतो. मग बँक, आणि तिथे खातं, क्रेडिट कार्ड, लॉकर यांचे पत्ते वेगवेगळे विचारावेत. मग डीमॅट आणि विमा. मतदारयादीसाठी फॉर्म ८. शेवटी खरेदीच्या अ‍ॅपमधला जुना पत्ता नुसता मागे न सारता पुसूनच टाकावा, नाहीतर घाईत त्याच्यावरच बोट पडतं.

हे सगळं झाल्यावर जुन्या पत्त्यावर स्वतःच्याच नावाने एक पोस्टकार्ड टाकावं. आठवड्या-दोन आठवड्यांत ते नव्या घरी आलं तर पोस्टातला अर्ज लागू झाला. नाही आलं तर जुन्या पोस्टात सकाळी, पोस्टमन बीटवर, म्हणजे वाटपाच्या फेरीवर, निघायच्या आधी जावं आणि आपल्या बीटवाल्यालाच गाठावं. काउंटरवर विचारून उपयोग नाही. पत्रं तो लावतो.