चाई वाटली, निघालं गजकर्ण: डर्मोस्कोपीचा आमचा अनुभव

माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर, कानामागे, केस विरळ होऊन एक गोल चट्टा पडला. सासूबाई म्हणाल्या, चाई आहे. फॅमिली डॉक्टरांनाही तसंच वाटलं आणि त्यांनी स्टिरॉइडचं लोशन लिहून दिलं. चट्ट्यावर बारीक कोंडा होता आणि ती सारखी खाजवायची, म्हणून लोशन न लावता आम्ही सांगलीतल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो.

बाईंनी डर्मोस्कोप काढला. हातात मावणारं, दहापट मोठं दाखवणारं भिंग, त्यालाच उजेड. सुई नाही म्हटल्यावर मुलगी निवांत बसली. लेन्स स्पिरिटने पुसून, त्वचेला न टेकवता त्यांनी बघितलं, कारण संसर्ग भिंगावरून पुढच्या पेशंटला जायला नको.

मग मोबाइलवर फोटो दाखवले. चट्ट्यात तुटके केस होते, स्वल्पविरामासारखे वाकलेले, काही तर स्प्रिंगसारखे पिळलेले. गजकर्णाची बुरशी केसाच्या आत शिरून त्याला पोखरते, म्हणून तो वाकतो आणि तुटतो. चाईत तुटका केस मुळाशी निमुळता होतो, उद्गारचिन्हासारखा, पिवळे ठिपके दिसतात आणि त्वचा सहसा गुळगुळीत असते. म्हणजे हे डोक्यातलं गजकर्ण. त्यावर स्टिरॉइड लावलं की लाली दबते आणि बुरशी पसरते, हे ऐकून माझ्या पोटात गोळाच आला.

तरी बाई नुसत्या भिंगावर थांबल्या नाहीत, हे मला फार आवडलं. भिंगात बघून नेमके तेच वाकडे केस त्यांनी चिमट्याने उपटले आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात टाकून मायक्रोस्कोपखाली तपासले. बुरशी सापडली. कल्चरही पाठवलं, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून बघायची, पण त्याला काही आठवडे लागतात, म्हणून औषध लगेच सुरू केलं.

नुसतं मलम केसाच्या मुळापर्यंत पोचत नाही. म्हणून ग्रिसिओफल्विन हे बुरशीवरचं औषध पोटातून, तेही तूप किंवा दुधाबरोबर, म्हणजे अंगी लागतं. घरातल्या सगळ्यांना किटोकोनॅझोलचा, म्हणजे बुरशी मारणारा, शाम्पू, कंगवे आणि टोप्या वेगळ्या. धाकट्याचं डोकंही भिंगाखाली बघून घेतलं, काही नव्हतं.

पुढच्या तपासणीत वरून चट्टा तसाच वाटत होता. भिंगात मात्र मुळाशी नवे, सरळ केस दिसले. चार-दोन स्वल्पविराम अजून होते, म्हणून बाईंनी गोळ्या बंद करू दिल्या नाहीत.