हिरवं रक्त

रात्री साडेदहाला ओटा पुसून झाला की आमच्या घरात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. बाहेरच्या खोलीत आई माझ्या पाच वर्षांच्या भाचीला थोपटायला घेते आणि आतल्या खोलीत मी कानाला हेडफोन लावून विमानातून उडी मारतो.

दिवसभर मी पगारपत्रकं करतो. कुणाचा पीएफ कापायचा राहिला, कुणाची रजा बिनपगारी लागली, असली कामं. माझ्या हातून आजवर मेलेला सगळ्यात मोठा जीव म्हणजे बाथरूममधलं झुरळ, आणि तेही चपलेच्या तिसऱ्या फटक्याला. रात्री मात्र मोबाइलवरच्या खेळात मी आणखी ९९ जणांबरोबर एका बेटावर उतरतो. आकसत जाणाऱ्या निळ्या वर्तुळाच्या आत राहून, दिसेल त्याला टिपत सुटतो.

या खेळावर, म्हणजे पब्जीवर, २०२०च्या सप्टेंबरात बंदी आली ती सरकारने डेटाच्या सुरक्षेचं कारण देऊन, रक्तपातासाठी नव्हे. पण पुढच्या वर्षी जुलैत तोच खेळ बीजीएमआय, म्हणजे ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’, होऊन परतला, तेव्हा चांगलाच सोवळा झाला होता. ‘किल’ जाऊन ‘फिनिश’ आलं, अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीनच तास मिळाले, आणि रक्त हिरवं झालं. आता गोळी लागली की पालकाच्या पातळ भाजीचे शिंतोडे उडावेत तसं काहीतरी उडतं. त्याने मी किती अहिंसक झालो, देव जाणे.

ही युक्ती तशी जुनीच. १९७६ साली अमेरिकेत ‘डेथ रेस’ नावाचा आर्केड गेम आला होता. काळ्या पडद्यावर पांढऱ्या काड्यांची चित्रं पळायची. त्यांना गाडीखाली घ्यायचं, किंकाळी ऐकायची, की तिथे थडगं उगवायचं. लोक भडकले तेव्हा कंपनीने सांगितलं, ही माणसं नाहीत हो, ग्रेमलिन आहेत! म्हणजे भुतंच एका प्रकारची. तिकडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये, हिंसक गेम मुलांना विकण्यावर बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा रद्द केला. निकालात ग्रिमच्या परीकथांचा दाखला होता: त्यात मुलंच चेटकिणीला भट्टीत भाजून मारतात.

आमच्याकडे भट्टी नाही, तवा आहे. भाचीला रोज तीच गोष्ट लागते. पावसात भिजलेला कावळा, दार न उघडणारी चिऊताई, शेवटी आत आलेला कावळा आणि त्याला शेकायला दाखवलेला तापलेला तवा. ‘चर्रर्र’ हा आवाज आई इतक्या चवीने काढते की ऐकताना माझंही बूड पोळतं. आणि हीच आई मला सांगते, पोरीसमोर तो मारामारीचा खेळ उघडत जाऊ नकोस.

खरं सांगायचं तर गोळी लागली की ‘मेलो’ असं मनात येतच नाही. येतो तो ‘धप्पा’. आपल्या खेळांत गडी मरायचे ते काय कमी? हुतूतूत रोज दहा-बारा मुडदे पडायचे आणि मेलेले गडी रेषेबाहेर बसून शेंगा खायचे. जुन्या कबड्डीचा तर एक प्रकारच ‘संजीवनी’. समोरचा गडी बाद केला की आपला एक मेलेला पुन्हा जिवंत.

ती संजीवनी इथेही आहे, आणि या सगळ्या धुमश्चक्रीत मला तीच आवडते. गोळी लागलेला गडी लगेच संपत नाही. आधी नॉक होतो, गुडघ्यांवर रांगू लागतो. तेवढ्यात सोबत्याने पोहोचून त्याच्याशेजारी दहा सेकंद बसायचं. त्या दहा सेकंदांत बसणाऱ्याला बंदूक चालवता येत नाही. आजूबाजूने गोळ्या सुटत असताना कुणीतरी अनोळखी माणूस तुमच्यासाठी नुसता बसून राहतो. ऑफिसात माझ्यासाठी इतकं कुणी थांबलेलं नाही.

परवा पोचिंकीत, म्हणजे खेळातल्या एका गावात, एका भिंतीआड मी नॉक झालो. आमच्या चौघांच्या स्क्वॉडमधले दोघे आधीच गेले होते. उरलेला एक रँडम गडी मोकळ्या रस्त्यातून पळत आला आणि आडोशाला धुराचा बॉम्ब, म्हणजे स्मोक, न फेकताच मला उठवायला बसला. सातव्या-आठव्या सेकंदाला समोरच्या गच्चीवरून दोघांचा निकाल लागला. रँक घसरली. माइक चालू होता. मी त्याच्या अकलेपासून सुरुवात करून त्याच्या आईपर्यंत पोहोचलो. ते शब्द मी इथे लिहू शकत नाही. बोलताना मात्र एकही अडला नव्हता.

थोडा वेळ नुसती खरखर. मग एक बारीक, अजून न फुटलेला आवाज आला, “दादा, स्मोक संपले होते.” त्याच्या मागून कुणा बाईचा आवाज, “फोन ठेव आता, सकाळी शाळा आहे.” आणि तो गेला.

पडद्यावर माझा हिशेब आला. फिनिश चार. इतकं डॅमेज, इतकी मिनिटं जिवंत.

मी हेडफोन काढला. दार किलकिलं झालं, आईने डोकं आत घातलं. किती जण मारले, हे ती कधीच विचारत नाही.

“कुणावर ओरडत होतास रे एवढा?”

“कुणावर नाही. गेम चालला होता.”

तिच्या मागे भाची डोळे चोळत उभी होती. कावळा चर्रर्र झाला तेव्हाच ती झोपली होती. माझ्या आवाजाने उठली.