टॅलिन कापलं जातंय हे सिद्ध करताना

फायब्रोब्लास्ट, म्हणजे ऊतींचा आधार विणणारी पेशी, सरकताना पुढचं टोक पसरवते, हे समजायला सोपं आहे. पण मागचं टोक पृष्ठभागावरून सोडवते कशी? माझं संशोधन याच प्रश्नावर होतं. उत्तराचा मोठा भाग छापून आलेला होता. कॅल्पेन नावाचं प्रथिनं कापणारं एन्झाइम पकड टिकवणाऱ्या टॅलिन या प्रथिनावर घाव घालतं आणि पकड सुटायला लागते. हे आपल्या डिशमध्ये दाखवायचं म्हटलं तेव्हा खरी कसरत सुरू झाली.

टॅलिन हे सुमारे २७० किलोडाल्टनचं (प्रथिनांचं वजन मोजायचं एकक) लांबलचक प्रथिन. त्याचं डोकं पेशीच्या पटलातल्या इंटिग्रिन या बाहेरची जमीन पकडणाऱ्या प्रथिनाला धरतं, शेपटाकडचा दांडा आतल्या सांगाड्यातल्या अ‍ॅक्टिनच्या तंतूंना. म्हणजे बाहेरची जमीन आणि आतला सांगाडा यांना जोडणारा दुवाच हा. कॅल्पेन नेमकं डोकं आणि दांडा यांच्या मधल्या लवचिक भागात कापतं. पेशी डिशवरून सुटाव्यात म्हणून आम्ही रोज वापरतो ते ट्रिप्सिन हे एन्झाइम लायसिन किंवा आर्जिनिन हे अमिनो आम्ल दिसेल तिथे तुकडे पाडत जातं. कॅल्पेनचं तसं नाही. ते मोजक्या जागी कापतं आणि उरलेले तुकडे कामाचे राहतात. सुटं झालेलं टॅलिनचं डोकं तर इंटिग्रिनला आधीपेक्षा घट्ट धरू शकतं. त्यामुळे ‘कापलं म्हणजे पकड गेली’ इतकं सरळ हे प्रकरण कधीच नव्हतं.

पहिली पायरी वेस्टर्न ब्लॉटची, म्हणजे जेलमध्ये प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीनं ओळखण्याची. कॅल्पेन कॅल्शियमवर जागं होतं आणि पेशी फोडली की कॅल्शियम मोकळं होतं. लॅबमधल्या सीनियर ताईंनी सुरुवातीलाच बजावलं होतं, “नळीत जे कापलं जातं ते पेशीनं नाही, तू कापलेलं असतं.” म्हणून पेशी फोडायच्या द्रावणात (लायसिस बफरमध्ये) कॅल्शियम बांधून ठेवणारं ईजीटीए, कॅल्पेन रोखणारी द्रव्यं आणि सगळं काम बर्फावर. शिवाय अखंड टॅलिन इतकं मोठं की घट्ट जेलमध्ये ते वरच अडकून बसतं, आणि विरळ जेल जास्त वेळ पळवली तर सुमारे ४७ किलोडाल्टनचं डोकं खालून निघून जातं. शेवटी वरून खाली घट्ट होत जाणाऱ्या ग्रेडियंट जेलवर दोन्ही बँड एकत्र दिसले. अँटीबॉडी डोक्याला चिकटते की दांड्याला, हेही आधी बघून घ्यावं लागतं, नाहीतर अर्धं चित्र दिसतच नाही.

मग कॅल्पेप्टिन टाकून कॅल्पेन अडवलं. चित्रं सुरेख आली. पेशी पुढे ओढल्या जाताहेत, मागची शेपटी मात्र जागची हलत नाही, ताणून लांब होतेय. मी खूश होतो, गाइड नव्हते. कॅल्पेप्टिन कॅथेप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमलाही अडवतं आणि टायरोसिन फॉस्फटेज या वेगळ्याच एन्झाइमवर त्याचा परिणाम होऊन स्ट्रेस फायबर (अ‍ॅक्टिनचे जाड जुडगे) बदलतात, असंही नोंदलेलं आहे. म्हणजे शेपटी कशामुळे अडकली, याचं उत्तर या चित्रांत नव्हतंच.

खरा पुरावा द्यायचा तर एन्झाइमला हात न लावता टॅलिनच असं हवं, जे कापलं जाणार नाही. असं उत्परिवर्तन २००४ पासून माहीत आहे: ४३२ व्या जागी ल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी ग्लायसिन. अडचण अशी की फायब्रोब्लास्टमधून टॅलिन १ काढलं की टॅलिन २ हे त्याचंच भावंड प्रथिन त्याची जागा घेतं. दोन्ही हटवून काहींत साधं आणि काहींत न कापलं जाणारं टॅलिन घालावं लागलं. यात फार वेळ गेला आणि सांगण्यासारखं त्यात फारसं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते मायक्रोस्कोपखालचं. चमकणारं पॅक्सिलिन (पकडीच्या जागी जमणारं प्रथिन) घातलेल्या पेशी टीआयआरएफ मायक्रोस्कोपखाली पाहिल्या की फक्त काचेला टेकलेला थर उजळतो आणि पकडीचे ठिपके लांबट दाण्यांसारखे दिसतात. ३७ अंशांवर यंत्र नीट तापलं नसेल तर फोकस घसरतो. लेझर जरा वाढवला की पेशी आखडून घेते आणि ते आखडणंच सुटणं समजून मोजलं जाऊ शकतं. ठिपक्याची चमक किती वेगानं उतरते त्यावरून सुटण्याचा दर काढायचा. पण कुठला ठिपका विरघळतोय आणि कुठला नुसता सरकतोय, हे ठरवतं माणूसच. माझ्या मते असल्या निष्कर्षांचं खरंखोटं इथेच होतं. म्हणून फायलींची नावं दुसऱ्याकडून बदलून घेतली आणि कुठली पेशी कुठल्या गटातली हे न कळता मोजमाप केलं.

नावं उघडल्यावर फरक स्पष्ट होता. कापलं न जाणारं टॅलिन असलेल्या पेशींत ठिपके रेंगाळत होते आणि अ‍ॅक्टिनला चिकटणाऱ्या फॅलॉइडिननं रंगवल्यावर अ‍ॅक्टिनच्या जाड तंतूंची टोकं त्याच जुन्या ठिपक्यांना बांधलेली दिसत होती. तरी सगळे ठिपके अडकले नव्हते. काही उशिरा का होईना, सुटतच होते. मायक्रोट्यूब्यूल (पेशीच्या सांगाड्यातल्या पोकळ नळ्या) तिथवर पोहोचल्यावर डायनॅमिन या प्रथिनाच्या मदतीनं इंटिग्रिन आत ओढून घेण्याचा मार्ग पेशीकडे असतो. तो बंद केल्यावर हे उरलेले ठिपके थांबतात का, हे सध्या पाहतो आहे.